करार न झालेलं यंत्र

मी बँकेत लागलो तेव्हा बचत खात्यांचं सहामाही व्याज हातानं काढावं लागे. जून-डिसेंबरात शाखेतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत, आणि एवढं करूनही बॅलन्सिंगमध्ये सत्तर पैशांचा फरक निघायचाच. ते काम कुणालाच आवडत नव्हतं. तरी कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर गेटवर घोषणा द्यायला आम्हीच पुढे.

1983 मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि युनियन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रं कुठे बसवायची, कशासाठी वापरायची, हे समोरासमोर बसून ठरलं. पुढच्या वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमधून लेजर पोस्टिंग मशिनं दिसू लागली. चालवणाऱ्याला स्पेशल अलाउन्स! घोषणा देणारेच मग त्यासाठी सीनिऑरिटीवरून भांडले. नोकरी कुणाची गेली नाही. जिंकलो, असंच आम्हाला वाटलं.

हिशेब लागला तो सतरा वर्षांनी. 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत, म्हणजे व्हीआरएसमध्ये, सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यात मीही होतो. 2001 मध्ये बँकांची भरती मंडळंच गुंडाळली गेली. यंत्रानं आमचा पगार घेतला नाही, आमच्यामागून येणाऱ्यांच्या खुर्च्या घेतल्या. करारात त्यांच्याबद्दल कलम नव्हतं, कारण ते तेव्हा शाळेत होते.

या वेळचं यंत्र, चॅटजीपीटी, 30 नोव्हेंबर 2022 ला आलं ते थेट लोकांच्या हातात, तेही फुकट. अटी ठरवायला समोर कुणी बसलंच नाही. 2023-24 या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो यांची मिळून सुमारे 64 हजार माणसं कमी झाली. कोविडकाळातली वारेमाप भरती आणि परदेशातली मंदावलेली मागणी ही त्याची मोठी कारणं. सगळं खापर एआयवर फोडणं घाईचं होईल. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं बारा हजारांच्या कपातीची घोषणा केली, तेव्हाही कंपनीनं कारण दिलं ते कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचं, एआयचं नव्हे. असेलही. पण आमच्याकडेही मशीनमुळे कुणाला काढलं, असं कधी कुठे लिहिलं गेलं नव्हतं.

भाचा हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. घरी आला की सगळे विचारतात, "कपात झाली का रे?" गणपतीत मी विचारलं, "तुमच्या टीममध्ये नवीन पोरं किती आली?"

दोन वर्षांत एकही नाही, म्हणाला.