ग्लुटामीन, दीर्घ श्रम आणि 'प्रतिकारशक्ती'

'प्रतिकारशक्ती' या शब्दातील 'शक्ती' हे पद ऐकताच आपल्या मनात एका साठ्याचे चित्र उभे राहते. साठा कधी भरतो, कधी आटतो. आटला म्हणजे त्यात बाहेरून भर घालावी. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंना अ‍ॅमिनो आम्लांच्या पूरक मात्रा देण्यामागे हेच चित्र होते. ते कितपत खरे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

केपटाउन येथील ५६ किलोमीटरांच्या 'टू ओशन्स' शर्यतीनंतर १९८२ साली दोन आठवड्यांत सुमारे ३३ टक्के धावपटूंनी घसादुखी, सर्दी यांसारखी लक्षणे सांगितली. न धावणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. ऑक्सफर्डचे एरिक न्यूजहोम यांनी याचा संबंध ग्लुटामीनशी जोडला. हे अ‍ॅमिनो आम्ल मुख्यतः स्नायूंत तयार होते आणि रक्तातील लसीकापेशी ते इंधन म्हणून वापरतात. मॅरेथॉननंतर रक्तद्रवातील त्याचे प्रमाण उतरते; तेव्हा या पेशींची उपासमार होत असावी, असे अनुमान निघाले. १९९६ च्या एका पाहणीत शर्यतीनंतर ग्लुटामीन घेतलेल्यांपैकी ८१ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के खेळाडू आठवडाभर निरोगी राहिल्याचे त्यांनी स्वतः कळविले.

पुढील प्रयोगांनी मात्र या अनुमानास दुजोरा दिला नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी ग्लुटामीन देऊन रक्तद्रवातील त्याची पातळी टिकविली, तरीही लसीकापेशींची संख्या व्यायामानंतर पूर्वीप्रमाणेच घटली. मग या पेशी जातात कोठे? उंदरांवरील प्रयोगांत खुणा केलेल्या पेशी फुप्फुसे, अस्थिमज्जा व आतड्यांतील लसीकापुंज यांत सापडल्या. म्हणजे पेशींचा नाश नव्हे, बहुतांशी स्थलांतर झाले होते. बाथ विद्यापीठातील कॅम्पबेल व टर्नर यांनी २०१८ साली याच आधारावर 'प्रतिकारशक्ती खालावते' या मताचा प्रतिवाद केला. धावपटूंनी सांगितलेल्या लक्षणांची प्रयोगशाळेत क्वचितच खातरजमा झालेली असते. शिवाय गर्दी, प्रवास व अपुरी झोप हीदेखील आजाराची कारणे असू शकतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

सारांश, पुरेशी प्रथिने आहारात असलेल्या खेळाडूला ग्लुटामीनच्या मात्रेने संसर्गापासून संरक्षण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. रक्तातील पेशींची 'घट' हे निरीक्षण होय. शक्तीचा 'ऱ्हास' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होय. गस्तीचे शिपाई चौकी सोडून वेशीवर गेले, तर चौकी रिकामी दिसते. म्हणून गाव निराधार झाले, असे कोणी म्हणत नाही.