टाळेबंदीतील शेती, मासेमारी व अन्नव्यापार : शासकीय धोरणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही समाजाची अन्नव्यवस्था ही शेत, समुद्र, बाजारपेठ, वाहतूक आणि स्वयंपाकघर यांना जोडणारी एक साखळी असते. युद्ध, दुष्काळ, महापूर किंवा साथीचा रोग यांमुळे ही साखळी तुटते तेव्हा शासनाला अल्पावधीत निर्णय घ्यावे लागतात. त्या घाईच्या निर्णयांत शासनाची खरी दृष्टी प्रकट होते. अन्नाचा उत्पादक शासनाला कोण वाटतो, आणि कोण त्याच्या नजरेतून सुटतो, हे शांततेच्या काळातील धोरणपत्रांपेक्षा आपत्तीतील आदेशांवरून अधिक स्पष्टपणे समजते. कोविड-१९ च्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेली टाळेबंदी हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. सदर काळात केंद्र व महाराष्ट्र शासनाने शेती, मासेमारी आणि अन्नव्यापार यांविषयी घेतलेल्या निर्णयांचा कालक्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अधिकारांची विभागणी

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती (नोंद १४), मत्स्यव्यवसाय (नोंद २१) आणि बाजार व जत्रा (नोंद २८) हे विषय राज्यसूचीत आहेत. प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी आणि परराष्ट्रीय व्यापार हे केंद्राचे विषय आहेत. अन्नपदार्थांचा व्यापार व पुरवठा समवर्ती सूचीतील ३३ व्या नोंदीत येतो. म्हणजे एकच पापलेट बारा सागरी मैलांच्या आत पकडले तर राज्याच्या आणि त्यापलीकडे पकडले तर केंद्राच्या नियमांखाली येते. धक्क्यावर आल्यावर ते स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीत जाते आणि निर्यातीच्या वेळी पुन्हा केंद्राकडे येते. सामान्य काळात ही गुंतागुंत सवयीने निभावून जाते. २०२० मध्ये मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढले आणि जे त्या आदेशात स्पष्टपणे नमूद नव्हते ते बंद, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. सवलतीची यादी हाच कायदा बनला.

सवलतींचा क्रम

२४ मार्च २०२० च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत शिधावाटप दुकाने, किराणा, फळे-भाजीपाला, दूध, मांस व मासळी आणि पशुखाद्य यांच्या दुकानांना सूट होती. शीतगृहे व गोदामे यांनाही होती. या यादीत दुकान आहे, परंतु त्या दुकानात येणारा माल जेथून येतो ते शेत नाही आणि समुद्रही नाही. यादी तयार करणाऱ्याने ग्राहकाच्या बाजूने पाहिले आणि अन्नाचा प्रवास दुकानाच्या दारापासून सुरू होतो असे गृहीत धरले, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

ही त्रुटी शेतीच्या बाबतीत लवकर दुरुस्त झाली. २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने शेतकरी व शेतमजुरांची शेतातील कामे, किमान आधारभूत किमतीने होणाऱ्या खरेदीसह शेतमाल खरेदी करणाऱ्या यंत्रणा, बाजार समित्यांचे बाजार, अवजारे भाड्याने देणारी केंद्रे, कापणी-मळणी यंत्रांची आंतरराज्य वाहतूक, तसेच खते, कीटकनाशके व बियाणे यांचे कारखाने यांना सूट दिली. २९ मार्चला सर्व प्रकारच्या मालवाहतुकीस, तो माल अत्यावश्यक असो वा नसो, परवानगी असल्याचे स्पष्ट करण्यात आले. ट्रॅक्टर-यंत्रांच्या सुट्या भागांची दुकाने आणि महामार्गावरील ट्रक दुरुस्ती यांचा समावेश ३ एप्रिलला झाला. येथेही अनुभवाने शिकत जाण्याचा क्रम दिसतो. प्रथम यंत्राला रस्ता मोकळा केला, नंतर यंत्र बिघडते याची जाणीव झाली.

मासेमारीला मात्र १० एप्रिलपर्यंत थांबावे लागले. त्या दिवशीच्या आदेशाने सागरी मासेमारी, मत्स्यशेती, मत्स्यबीज केंद्रे, खाद्य कारखाने, प्रक्रिया, शीतसाखळी, विक्री आणि या कामगारांची ये-जा यांना सवलत मिळाली. शेतीला तिसऱ्या दिवशी मिळालेली परवानगी मासेमारीला सतराव्या दिवशी मिळाली. केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धविकास असे स्वतंत्र मंत्रालय २०१९ मध्येच स्थापन झाले होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

सतरा दिवसांचा अर्थ

शेतीतील पीक उभे राहू शकते. गव्हाची कापणी आठवडाभर लांबली तर नुकसान होते, पण पीक नाहीसे होत नाही. मासळी ही पकडल्या क्षणापासून नाशवंत आहे आणि तिची किंमत बर्फावर अवलंबून असते. बर्फाचा कारखाना, डिझेल, खलाशी, धक्क्यावरील लिलाव, वाहतूक आणि विक्रेती यांपैकी एक जरी दुवा नसला तरी होडी समुद्रात पाठवण्यात अर्थ राहत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी मासेमारीबंदी असते. त्यामुळे मार्च ते मे हा काळ मच्छीमारांच्या दृष्टीने हंगामाचा अखेरचा टप्पा असतो. बंदीच्या दोन महिन्यांची बेगमी याच काळात होते. त्यातील सतरा दिवस जाणे म्हणजे वर्षातील कोणतेही सतरा दिवस जाणे नव्हे. त्यापूर्वीच्या हंगामात, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, क्यार व महा या वादळांनी अनेक दिवस होड्या किनाऱ्याला लावून ठेवल्या होत्या, ही पार्श्वभूमीही विसरता येत नाही.

परवानगीनंतरही अडचण संपली नाही. मोठ्या यांत्रिक नौकांवरील खलाशी बहुधा परप्रांतीय असतात. गुजरातमधील वेरावळ येथे आंध्र प्रदेशातील हजारो मच्छीमार कामगार टाळेबंदीत अडकले आणि नौकांवरच राहिले. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी त्यांची पाठवणी सुरू झाली. महाराष्ट्रात ऊसतोडणी कामगारांची स्थिती याच जातीची होती. साखर कारखान्यांच्या परिसरातील तात्पुरत्या निवाऱ्यांत असलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना गावी परतण्याची मुभा राज्य शासनाने १७ एप्रिल २०२० ला दिली. पिकाला, यंत्राला आणि मालाला परवाना आधी मिळाला. मजुराच्या घरी जाण्याला नंतर.

या सर्वांत अधिक दुर्लक्षित राहिली ती मासळी विकणारी स्त्री. भाऊचा धक्का व ससून डॉक येथून माल घेऊन मुंबईच्या उपनगरांत विकणाऱ्या कोळी भगिनी लोकलच्या मालडब्यावर अवलंबून असतात. लोकलसेवा मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यानंतर बंद झाली, १५ जूनला केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळेत स्त्रियांना खुली झाली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना. मासळी अत्यावश्यक वस्तू होती; ती विकणारी मात्र अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी नव्हती, कारण तिला नेमणूकपत्र देणारी कोणतीही कचेरी नसते.

बंदीचा कालावधी

बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून केंद्राने मे २०२० च्या अखेरीस मासेमारीबंदीचा कालावधी ६१ वरून ४७ दिवसांवर आणला. पूर्व किनाऱ्यावर तो १५ एप्रिल ते ३१ मे, तर पश्चिम किनाऱ्यावर १५ जून ते ३१ जुलै असा झाला. कागदावर हा न्याय दोन्ही किनाऱ्यांना समान होता. प्रत्यक्षात पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमारांना बंदी लवकर संपल्याने हंगामाच्या आरंभीचे चौदा दिवस मिळाले, तर पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमारांना जूनचा पहिला पंधरवडा मिळाला, जेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे किनाऱ्यावर येऊन ठेपतात. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले. जूनमधील समुद्राची ज्याला ओळख आहे त्याने अशी सवलत सुचवली नसती. मासळीचा प्रजननकाळ आणि मच्छीमारांची सुरक्षितता ही बंदीची दोन कारणे. त्यांतील एकाही कारणात टाळेबंदीमुळे फरक पडलेला नव्हता. रोख साहाय्य हा मार्ग अधिक सरळ होता. शेतकऱ्यांसाठी पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्ये आधीच देण्यात आला होता, परंतु ही योजना जमीनधारकांची असल्याने भूमिहीन मच्छीमार तिच्या कक्षेत येत नव्हता. मे २०२० मध्ये मंजूर झालेली २०,०५० कोटी रुपयांची पंतप्रधान मत्स्यसंपदा योजना प्रामुख्याने उत्पादनवाढ व पायाभूत सुविधा यांसाठी होती. तिचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि तिचे फळ दीर्घ मुदतीचे होते.

शेतमाल आणि ग्राहक

धान्याच्या बाबतीत शासनयंत्रणा समर्थ ठरली, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. भारतीय अन्न महामंडळाची गोदामे भरलेली होती. पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा दरडोई ५ किलो धान्य मोफत देण्याचा निर्णय टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात झाला. महाराष्ट्र शासनाने केशरी शिधापत्रिकाधारकांना ८ रुपये किलोने गहू व १२ रुपये किलोने तांदूळ मे-जून महिन्यांसाठी दिला. व्हिएतनामने तांदळाची व रशियाने गव्हाची निर्यात मर्यादित केली असताना भारताने २०२० मध्ये तांदळाची निर्यात चालू ठेवली. धान्याचा साठा, खरेदी यंत्रणा व शिधावाटप दुकाने ही दशकानुदशकांची घडी उपयोगी पडली.

नाशवंत मालाला अशी घडी नव्हती. हॉटेले व उपाहारगृहे बंद झाल्याने दूध शिल्लक राहू लागले, तेव्हा राज्याने दररोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. कोकणातील हापूसचा हंगाम ऐन भरात होता. मे महिन्यात राज्य परिवहन महामंडळाने मालवाहतुकीस आरंभ केला आणि प्रवाशांअभावी उभ्या असलेल्या एसटीतून आंब्याच्या पेट्या मुंबईकडे निघाल्या. वाशीची बाजार समिती मे २०२० मध्ये रुग्णवाढीमुळे आठवडाभर बंद ठेवावी लागली. अशा वेळी २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याचा लाभ झाला. शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांना थेट गृहनिर्माण संस्थांच्या फाटकापर्यंत माल नेता आला. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे धावली.

२०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीच्या मूळ अंदाजानुसार देशाचे सकल उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटले आणि शेती क्षेत्र मात्र ३.४ टक्क्यांनी वाढले. या आकड्याचा त्या काळी बराच गौरव झाला. परंतु हा आकडा स्थिर किमतींना मोजलेल्या उत्पादनाचा आहे. शेतातून किती निघाले हे तो सांगतो, शेतकऱ्याच्या हाती काय पडले हे नव्हे. अर्थशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली जाते आणि चर्चेच्या वेळी सर्वप्रथम विसरली जाते.

कांद्याचे उदाहरण

व्यापारधोरणाची दिशा पाहण्यासाठी कांद्याइतके उघड उदाहरण नाही. ५ जून २०२० च्या अध्यादेशाने कांदा, बटाटा, कडधान्ये आदी वस्तूंवरील नियंत्रण केवळ असाधारण परिस्थितीपुरते मर्यादित केले. नाशवंत फळे-भाज्यांचा किरकोळ भाव शंभर टक्क्यांनी वाढला तरच साठ्यावर मर्यादा घालता येईल, अशी तरतूद होती. १४ सप्टेंबरला केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, नियंत्रण सैल करणारे विधेयक लोकसभेने संमत केले. २३ ऑक्टोबरला घाऊक व्यापाऱ्यांसाठी २५ टन व किरकोळ विक्रेत्यांसाठी २ टन अशी साठामर्यादा लागू झाली. निर्यातबंदी १ जानेवारी २०२१ पासून उठली. तिन्ही कृषी कायद्यांना १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते संसदेत रद्द झाले.

याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाजार विस्कळीत होऊन नाशिक जिल्ह्यातील उत्पादकांना कांदा मिळेल त्या भावाने विकावा लागला, तेव्हा इतक्या तत्परतेने कोणताही आदेश निघाला नाही. भाव चढला की शासनाकडे निर्यातबंदी, निर्यातशुल्क, किमान निर्यातमूल्य, साठामर्यादा अशी हत्यारे तयार असतात आणि ती एका अधिसूचनेने वापरता येतात. भाव कोसळला तर लागणारी खरेदी, साठवण व अनुदान यांना पैसा आणि यंत्रणा लागते. पुढील वर्षांतही हाच क्रम राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी, मे २०२४ मध्ये शुल्क व किमान मूल्यासह मोकळीक, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द, अशी ही मालिका आहे. ग्राहकाचे हित गैर आहे असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्याचा सर्व भार उत्पादकावर टाकण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

मत्स्यव्यवसायाचा दर्जा

मासेमारीच्या बाबतीत दरम्यान दोन घटना घडल्या. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. त्यावर नौकामालकांबरोबर मत्स्यकामगार व विक्रेते यांचीही नोंदणी होते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कृषी दराने वीज, पतपुरवठा व विमा यांसारख्या सवलती मिळण्याचा मार्ग खुला झाला. मत्स्यशेती व मत्स्यबीज केंद्रे यांना वीजदराचा लाभ सहज घेता येईल. टोपली घेऊन पहाटे धक्क्यावर जाणाऱ्या विक्रेतीला वीजदराचे प्रयोजन नाही. तिला हवे आहे ते ओळखपत्र, जे पुढील टाळेबंदीत रेल्वेच्या फाटकावरील शिपाई मान्य करील. तसे ओळखपत्र देण्याची तरतूद कोणत्या खात्याने करावी, हा प्रश्न अधिकारांच्या त्याच जुन्या विभागणीपाशी येऊन थांबतो.