न विकल्या गेलेल्या भविष्याचे नमुने

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या व्यवसायात मालिका प्रेक्षकांपुढे येण्याआधी तिचा एक नमुना तयार करण्याची प्रथा आहे आणि या नमुन्याला ‘पायलट’ असे म्हणतात. मालिकेतील पात्रे, त्यांचे परस्परसंबंध, कथेचा परिसर आणि निर्मितीचा दर्जा यांचा अंदाज वाहिनीच्या अधिकाऱ्यांना यावा, म्हणून निर्मिती करणारा स्टुडिओ एक पूर्ण भाग चित्रित करतो. तो पाहून वाहिनी मालिका विकत घेते किंवा नाकारते. ही शितावरून भाताची परीक्षा आहे आणि तिच्यात नापास होणाऱ्यांची संख्या पास होणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी राहिली आहे. लेखक ली गोल्डबर्ग यांनी न विकल्या गेलेल्या पायलटांची सूची १९९० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्या एका पुस्तकातून दूरचित्रवाणीचा एक समांतर इतिहासच उभा राहिला. त्या इतिहासातील विज्ञानकथांचे प्रकरण विशेष उद्बोधक आहे, कारण विज्ञानकथेला ही परीक्षा इतर कोणत्याही कथाप्रकारापेक्षा अधिक जड जाते.

त्याचे पहिले कारण आर्थिक आहे. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन वाहिन्यांचे वर्चस्व असलेल्या काळात वाहिनी स्टुडिओला प्रत्येक भागाच्या प्रक्षेपणासाठी ठरावीक रक्कम देत असे. ही रक्कम बहुधा निर्मितीखर्चापेक्षा कमी असे आणि उरलेली तूट स्टुडिओ पदरमोड करून भरून काढत असे. मालिका काही वर्षे चालून पुरेसे भाग साठले, की ते स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकता येत आणि नफा तेव्हाच हाती लागे. पोलीस ठाणे किंवा दवाखाना यांवरच्या मालिकेला नेपथ्य, वेशभूषा आणि सामग्री बाजारात तयार मिळते. अंतराळयानाचे नियंत्रणकक्ष, परग्रहवासीयांचे मुखवटे आणि यानाच्या प्रतिकृती मात्र मुळापासून घडवाव्या लागतात, आणि जो खर्च पुढे पन्नास-साठ भागांवर वाटला जायचा तो सगळा एकट्या पायलटच्या माथी बसतो.

दुसरे कारण कथनाच्या स्वरूपात आहे. वकील, डॉक्टर किंवा गुप्तहेर यांचे जग प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळे तेथे पहिल्या प्रसंगापासून कथेला हात घालता येतो, तर विज्ञानकथेला काळ, स्थळ, समाजव्यवस्था आणि यंत्रे यांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. साहजिकच नमनाला घडाभर तेल जाते आणि वाहिनीचे अधिकारी नेमके ते नमनच पाहून निर्णय घेतात. त्यांना जाणून घ्यायचे असते ते पन्नासाव्या भागात काय घडेल हे, आणि पायलट उत्तर देत बसतो ते हे जग कोणते या प्रश्नाचे.

या दोन्ही अडचणी जीन रॉडनबेरी यांच्या कारकिर्दीत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतील. दूरदर्शनमुळे भारतीय प्रेक्षकांनाही परिचित झालेली त्यांची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका मुळात एका नाकारलेल्या पायलटमधून जन्मली. डेसिलू स्टुडिओने १९६४ च्या अखेरीस चित्रित केलेल्या ‘द केज’ या पायलटमध्ये जेफ्री हंटर यांनी साकारलेला कप्तान क्रिस्टोफर पाइक एका ग्रहावर कैद होतो आणि मोठ्या डोक्यांचे तेथील रहिवासी त्याच्या मनात भ्रमांची जगे निर्माण करून त्याचे निरीक्षण करतात. या रहिवाशांच्या भूमिका दिग्दर्शक रॉबर्ट बटलर यांनी स्त्री कलाकारांना दिल्या आणि आवाज पुरुषाचा वापरला, त्यामुळे चणीने नाजूक, पण अधिकारवाणीने बोलणारे असे काहीतरी खरोखरच अमानवी पडद्यावर अवतरले. सहा लाख डॉलरांहून अधिक खर्चून तयार झालेला हा भाग फार वैचारिक असल्याचा शेरा मारून एनबीसीने नाकारला, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु तोवरच्या प्रथेला सोडून त्याच वाहिनीने दुसरा पायलट मागवला. आधीचे बरेचसे नेपथ्य हाताशी असल्यामुळे त्याचा खर्च बराच कमी झाला. विल्यम शॅटनर कप्तानाच्या भूमिकेत आले, पहिल्या पायलटमधील पात्रांपैकी एकटा स्पॉक टिकला आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. नाकारलेल्या भागाचे चित्रीकरणही वाया गेले नाही. त्याच वर्षी ‘द मिनॅजरी’ या दोन भागांच्या कथेत ते गुंफले गेले आणि त्या कथेला १९६७ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

‘स्टार ट्रेक’ १९६९ मध्ये बंद पडल्यानंतर रॉडनबेरी यांनी पुढील काही वर्षांत ज्या नव्या मालिका मांडल्या, त्यांतील एकही विकली गेली नाही. या काळापर्यंत पायलटचे स्वरूप बदलले होते. वाहिन्यांनी दूरचित्रवाणीसाठीच बनवलेले चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली होती आणि एबीसीने १९६९ पासून त्यांना दर आठवड्याला ठरावीक वेळही दिली होती. त्यामुळे दीड-दोन तासांचा पायलट चित्रपट म्हणून प्रक्षेपित करून खर्चाचा काही भाग वसूल करता येई, मग मालिका होवो वा न होवो. आज या नमुन्यांचा अभ्यास करता येतो तो मुख्यतः या व्यवस्थेमुळे, कारण जे पायलट प्रक्षेपितच झाले नाहीत ते स्टुडिओच्या कोठारातून क्वचितच बाहेर आले.

सीबीएसने २३ मार्च १९७३ रोजी दाखवलेला ‘जेनेसिस टू’ हा यातील पहिला. डिलन हंट हा शास्त्रज्ञ १९७९ मध्ये कार्ल्सबाडच्या गुहांमध्ये शीतनिद्रेचा, म्हणजे शरीराच्या क्रिया मंद करून माणसाला दीर्घकाळ झोपवण्याचा, प्रयोग स्वतःवर करत असताना दरड कोसळून गाडला जातो आणि २१३३ मध्ये जागा होतो, तेव्हा महायुद्धाने जुनी संस्कृती नष्ट झालेली असते. त्याला वाचवणारी ‘पॅक्स’ ही शांततावादी संघटना जगातले उरलेसुरले ज्ञान जतन करत असते. उलट टिरेनिया हे गुलामांच्या श्रमावर उभे असलेले राज्य असते आणि तेथील लोकांना दोन हृदये, म्हणून दोन बेंब्याही असतात. या बेंब्यांमागे व्यवसायातला एक टोमणा असल्याचे सांगितले जाते: ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात मॅरिएट हार्टली या अभिनेत्रीची बेंबी दिसू नये असा वाहिनीचा आग्रह होता, म्हणून रॉडनबेरी यांनी त्याच अभिनेत्रीला येथे दोन बहाल केल्या.

या कल्पनेचा कणा मात्र टिरेनिया नसून भूमिगत रेल्वे आहे. युद्धापूर्वी बांधलेले आणि अजून चालू असलेले वेगवान भुयारी गाड्यांचे एक जाळे पृथ्वीभर पसरलेले आहे. पॅक्सचे पथक गाडीत बसते आणि कोणत्याही स्थानकावर उतरून एका अपरिचित समाजात जाऊन पोहोचते. ‘स्टार ट्रेक’मध्ये जे काम एंटरप्राइज हे यान करत होते, तेच येथे गाडीकडे सोपवलेले आहे. एक डबा आणि एक स्थानक यांचे नेपथ्य दर आठवड्याला वापरायचे आणि बाकीची कथा स्टुडिओच्या आवारात किंवा उघड्या माळावर घडवायची, असा हा काटकसरीचा आराखडा होता, आणि पन्नासाव्या भागात काय होईल या प्रश्नाचे चोख उत्तरही त्यात होते. दुर्दैवाने ते उत्तर कथेच्या कडेला राहिले, कारण दीड तासातला मोठा वाटा महायुद्ध, पॅक्स आणि टिरेनिया यांची माहिती देण्यात गेला. त्याच सुमारास ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाला दूरचित्रवाणीवर भरघोस प्रेक्षक लाभले आणि सीबीएसने रॉडनबेरी यांच्या अपरिचित भविष्यापेक्षा वानरांचे परिचित भविष्य पसंत केले. वानरांची ती मालिका १९७४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू होऊन वर्ष संपण्यापूर्वीच गुंडाळली गेली.

हीच कल्पना घेऊन रॉडनबेरी एबीसीकडे गेले आणि २३ एप्रिल १९७४ रोजी ‘प्लॅनेट अर्थ’ प्रक्षेपित झाला. आधीच्या पायलटवरील प्रत्येक आक्षेपाला यात उत्तर दिलेले दिसते. अ‍ॅलेक्स कॉर्ड यांच्या अंतर्मुख हंटच्या जागी जॉन सॅक्सन यांचा चपळ आणि लढाऊ हंट आला, पार्श्वभूमीचे विवेचन थोडक्यात उरकले गेले आणि कथा थेट एका मोहिमेवर निघाली: बेपत्ता झालेल्या शल्यचिकित्सकाच्या शोधात पथक स्त्रियांच्या सत्तेखालील वस्तीत शिरते, जेथे पुरुषांना अन्नातून औषध देऊन भित्रे आणि आज्ञाधारक बनवलेले असते. वेग वाढला, पण विचार पातळ झाला. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने अमेरिका ढवळून निघत असताना उलटलेल्या सत्तेचे हे चित्र गंभीर प्रश्न विचारू शकले असते. प्रत्यक्षात ते बहुतांशी पुरुषांच्या धास्तीचे प्रहसन ठरले. एबीसीनेही मालिका घेतली नाही. त्याच सामग्रीवर १३ जुलै १९७५ रोजी ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड’ हा तिसरा प्रयत्न झाला, तोवर रॉडनबेरी त्यातून बाहेर पडले होते. शीतनिद्रेतून परतलेले तीन अंतराळवीर आणि दोन स्वतंत्र कथा जोडून बेतलेले हे रूप पॅक्सचा मूळ हेतूच हरवून बसले. दिग्दर्शन ‘द केज’च्याच रॉबर्ट बटलर यांचे होते, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे.

या सर्वांत सरस ठरतो तो एनबीसीने २३ जानेवारी १९७४ रोजी दाखवलेला ‘द क्वेस्टर टेप्स’. रॉडनबेरी आणि प्रक्षेपणापूर्वीच निधन पावलेले जीन कून यांनी तो लिहिला. वास्लोविक हा शास्त्रज्ञ नाहीसा झाल्यानंतर त्याच्या आराखड्यांवरून इतर शास्त्रज्ञ एक यंत्रमानव जोडतात, मात्र त्याच्या आज्ञावलीच्या फिती उलगडण्याच्या खटपटीत तिचा बराच भाग पुसला जातो. रात्री प्रयोगशाळा रिकामी असताना नाक-डोळे नसलेला तो पुतळा उठतो, स्वतःच स्वतःचा चेहरा घडवतो आणि आपल्या निर्मात्याच्या शोधात निघतो; सोबतीला जेरी रॉबिन्सन हा अभियंता असतो. लंडनच्या जुगारगृहातील प्रसंग या पात्राची जात दाखवतो. पैशांची गरज पडल्यामुळे क्वेस्टर फासे टाकायला बसतो, ते फासे एका बाजूला जड करून फसवणुकीसाठी बनवलेले आहेत हे त्याच्या बोटांना कळते, आणि कोणताही आविर्भाव न आणता तो नुसत्या बोटांच्या दाबाने त्यांचा तोल नीट करून घेतो. न्यायनिष्ठा, बळ आणि भाबडेपणा ही तिन्ही लक्षणे संवादाच्या एका वाक्याशिवाय त्या कृतीतून व्यक्त होतात. रॉबर्ट फॉक्सवर्थ यांचा संयत अभिनय आणि माइक फॅरेल यांच्या रॉबिन्सनमधील माणुसकी यांची जोडी मालिकेला पुरेल इतकी भक्कम होती.

येथे जग समजावून सांगण्याचे ओझे नव्हते, कारण जग आजचेच होते आणि अपरिचित होता तो एकटा नायक. म्हणूनच एनबीसीने मालिकेच्या दिशेने पावले टाकली. परंतु रॉबिन्सनला वगळावे आणि वास्लोविकच्या शोधाची पायलटमध्ये झालेली उकल बाजूला सारून क्वेस्टरला सतत पाठलाग चुकवत फिरणारा नायक करावे, अशा सूचना आल्या. भावना नसलेल्या यंत्राला माणूसपण शिकवणारा सोबतीच काढून टाकायचा, तर मग उरणार काय, हा रॉडनबेरी यांचा आक्षेप रास्त होता. ते बाजूला झाले आणि मालिका बारगळली. १९७५ च्या ह्यूगो पुरस्कारासाठी या पायलटला नामांकन मिळाले, यावरून जाणकारांनी त्याची नोंद घेतली होती हे दिसते.

हे अपयश पुढच्या काळात भांडवल म्हणून वापरले गेले. माणूस होऊ पाहणारा, भावनांपासून वंचित असा यंत्रमानव १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मध्ये डेटा या नावाने अवतरला आणि सात वर्षे टिकला. डिलन हंट हे नाव आणि दीर्घकाळाने जागा होऊन कोसळलेल्या संस्कृतीची पुनर्बांधणी करणारा नायक ही कल्पना, रॉडनबेरी यांच्या मृत्यूनंतर, २००० साली ‘अँड्रोमेडा’ या मालिकेत आली. क्रिस्टोफर पाइकला तर स्वतःची मालिका मिळायला २०२२ साल उजाडले. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नावाने आलेल्या त्या मालिकेमुळे १९६४ च्या नाकारलेल्या पायलटचा कप्तान, त्याचे यान आणि ‘नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी त्याची स्त्री सहायक अधिकारी अखेर आपल्या मूळ जागी परतले.

पुढच्या पिढीतही हा प्रश्न सुटलेला दिसत नाही. रोनाल्ड मूर आणि मायकल टेलर यांचा ‘व्हर्च्युॲलिटी’ फॉक्स वाहिनीने २६ जून २००९ रोजी निव्वळ चित्रपट म्हणून दाखवला. दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानातील बारा जणांचे खासगी आयुष्य पृथ्वीवर वास्तवदर्शी कार्यक्रम म्हणून प्रसारित होत असते, ही त्यामागची कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु कप्तानाचा मृत्यू घडवून आणि एकही कोडे न सोडवता संपणारा तो भाग मालिकेविना अर्धवट राहणे अटळ होते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा, की पायलट ही पद्धत विज्ञानकथेची कल्पकता मोजत नाही, तर परिचयाचा भाग किती लवकर उरकता येतो एवढेच मोजते. ‘प्लॅनेट अर्थ’सारखे काही नमुने स्वतःच्या दुबळेपणामुळे पडले आणि त्यांच्या नावाने हळहळण्याचे कारण नाही, ‘द केज’ आणि ‘क्वेस्टर’ यांच्याबाबतीत मात्र पद्धतच तोकडी पडली, आणि पुढील पन्नास वर्षांच्या मालिकांनी त्यांच्याकडून जे उसने घेतले त्यावरून हे सिद्धही झाले. ‘जेनेसिस टू’ आणि ‘प्लॅनेट अर्थ’ हे दोन्ही डीव्हीडीवर प्रसिद्ध झालेले आहेत, त्यामुळे तुलना प्रत्यक्ष करून पाहता येते. ज्याला या दुर्लक्षित दालनात शिरायचे असेल, त्याने सुरुवात ‘द क्वेस्टर टेप्स’पासून करावी, कारण मालिका न होताही पूर्ण वाटणारी कलाकृती या सर्वांत तीच एक आहे.