बारा पूर्णांक शून्य एक

मतदारसंघ पुनर्रचनेचे वारे पुन्हा वाहू लागले, तेव्हा संपादकांनी सांगितले की मागच्या खेपेला नगर जिल्ह्याचे काय झाले ते एकदा नीट लिहून काढा. कोणी कोणाचा मतदारसंघ फोडला, कोणाच्या सांगण्यावरून कुठला राखीव पडला, याच्या सुरस कथा नगरला कुठल्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. त्याच गोळा करायच्या बेतात मी होतो. पण त्याआधी 2008 चा पुनर्रचना आदेश वाचायला घेतला आणि त्याच्या अनुसूचीतच अडकून पडलो. कंसातले 'भाग' आणि महसूल मंडळांच्या याद्या एवढाच तिचा मजकूर. तरीही गेल्या पंधरा-सोळा वर्षांतले नगरचे राजकारण ज्या मांडवात चालले आहे, त्याच्या मेढी तिथेच रोवलेल्या दिसतात.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो. सबंध देशासाठी आजवर चार पुनर्रचना आयोग झाले. आणीबाणीत, 1976 साली, 42 व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली गेली. 2001 च्या 84 व्या दुरुस्तीने ती गोठवण 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. राज्याच्या जागा तेवढ्याच ठेवून आतल्या सीमा मात्र नव्याने आखायला मोकळीक दिली. त्यासाठी 2001 ची जनगणना धरायची, हे 87 व्या दुरुस्तीने ठरले. 2002 च्या कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. सोबत केंद्राचे एक निवडणूक आयुक्त आणि त्या-त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त.

आता कॅल्क्युलेटर घ्या. 2001 साली महाराष्ट्राची लोकसंख्या 9 कोटी 68 लाख 78 हजार 627 आणि आमदार 288. म्हणजे एका आमदारामागे 3 लाख 36 हजार 384 माणसे. नगर जिल्ह्याची लोकसंख्या 40 लाख 40 हजार 642. भागाकार येतो 12.01. लोकसभेच्या 48 जागांनी हाच हिशेब केला तर उत्तर 2.00. जिल्हा मुद्दाम मापून घ्यावा तसा बसला! त्याआधीची रचना 1971 च्या जनगणनेवर होती. तेव्हा हाच भागाकार तेराच्या जवळ जात होता, म्हणून जिल्ह्याला तेरा आमदार होते. राज्यात इतरत्र माणसे जास्त वाढली, नगरची एक जागा गेली. यात ना कोणाचा डाव, ना कोणाचा दोष.

कसरत पुढे सुरू होते. तालुके चौदा, जागा बारा. लोकसंख्येत दहा टक्क्यांचा कमी-जास्तपणा चालतो, शक्यतो महसूल मंडळ फोडायचे नाही, आणि वायव्येकडून सुरुवात करून नागमोडी वळणाने आग्नेयेला यायचे. म्हणून जिल्ह्यातला पहिला क्रमांक सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोल्याचा, 216, आणि शेवटचा कर्जत-जामखेडचा, 227.

कर्जत आणि जामखेड मिळून लोकसंख्या साधारण 3 लाख 40 हजार. ते जोडले, काम संपले. संगमनेर तालुका मात्र एकटाच 4 लाख 40 हजारांच्या आसपास. त्याला कात्री लावणे भागच होते. आश्वीचा भाग शिर्डीला गेला, कारण राहाता तालुका एकटा अपुरा पडत होता. पठाराकडचा भाग अकोल्याला जोडला, कारण अकोलेही अपुरे. श्रीरामपूर भरायला राहुरीची देवळाली प्रवराकडची गावे घेतली. मग राहुरी रिकामी झाली, म्हणून तिला पाथर्डीचा करंजीकडचा भाग आणि नगर तालुक्यातले जेऊर. उरलेली पाथर्डी शेवगावच्या पदरात, आणि पाथर्डी हे मतदारसंघाचे नाव यादीतून गायब. नगर शहराला स्वतंत्र जागा मिळाली, पण ग्रामीण नगर तालुक्याचे तीन तुकडे झाले: जेऊर राहुरीत, वाळकी आणि चिचोंडी पाटील श्रीगोंद्यात, बाकीचा पारनेरात. ओळीत बसलेल्यांपैकी एकाने सरकून घेतले की शेवटचा माणूस सतरंजीबाहेर जातो, तसे नगर तालुक्याचे झाले. आजही जेऊरच्या शेतकऱ्याला दाखल्यासाठी नगरच्या तहसीलला जावे लागते आणि आमदार शोधायला राहुरीकडे बघावे लागते. देवळाली प्रवराची गंमत याहून मोठी. तालुका राहुरी, पण खासदार शिर्डीचा. शेजारच्या राहुरी शहराचा खासदार नगरचा. कारण 216 ते 221 शिर्डीत आणि 222 ते 227 नगरमध्ये, असा सहा-सहाचा सरळ काप घेतलेला आहे.

सगळ्यांत जास्त गुंतलो तो हा कागद कायदा कसा होतो यात. आयोगासोबत प्रत्येक राज्याचे दहा सहयोगी सदस्य असतात, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना बोलता येते, मतभेद लिहून देता येतो. मत देता येत नाही, सहीही करता येत नाही. मसुदा राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रांत छापायचा, हरकती घ्यायच्या, जाहीर सुनावणी करायची. मग अंतिम आदेश राजपत्रात आला, की छापला त्या क्षणी त्याला कायद्याचे बळ. पुढे तो लोकसभेच्या आणि विधानसभेच्या पटलावर ठेवतात, पण सभागृहाला त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. राष्ट्रपतींनी 19 फेब्रुवारी 2008 ही तारीख दिली आणि जुना नकाशा मोडीत निघाला. ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांच्याच हाती कात्री द्यायची नाही, एवढे या कायद्याने पक्के केले आहे. मला तरी हे शहाणपणाचे वाटते. जिल्हा परिषदेच्या गट-गणांकडे पाहिले की जास्तच वाटते. तिथे सदस्यसंख्येची मर्यादा 50 ते 75 ची 55 ते 85 झाली आणि 2022 साली सरकार बदलताच पुन्हा होती तिथे आली.

कोर्टाचे दारही जवळजवळ बंद आहे. घटनेचे कलम 329 तसे सांगते. उज्जैनची जागा राखीव झाल्यावर मेघराज कोठारी हे मतदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1966 साली उत्तर मिळाले की राजपत्रात छापलेला आदेश हा कायदा आहे, त्याला आव्हान नाही. 2024 साली, गुजरातेतल्या बारडोलीच्या प्रकरणात, न्यायालयाने दार थोडे किलकिले केले: आदेश उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर दखल घेता येईल.

कागदावरची एक ओळ माणसांना कशी हलवते ते नगरने 2009 मध्ये पाहिले. कोपरगाव लोकसभा म्हणजे बाळासाहेब विखे पाटील, असे समीकरण होते. ते नावच संपले आणि त्या जागी शिर्डी आली, अनुसूचित जातींसाठी राखीव. त्याच आदेशाने पंढरपूरची राखीव लोकसभा रद्द केली. तिथले खासदार रामदास आठवले शिर्डीला आले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांच्याकडून हरले. विधानसभेत कर्जतचे आरक्षण उठले आणि श्रीरामपूरवर आले. कर्जतमधून तीनदा निवडून आलेले सदाशिव लोखंडे 2014 मध्ये शिर्डीचे खासदार झाले. अकोल्याचे आदिवासी आरक्षण मात्र जागचे हलले नाही. अनुसूचित जमातींची जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तिथेच ठेवायची, आणि अनुसूचित जातींच्या जागा प्रमाण बघून राज्यभर विखरायच्या, असे कायदाच सांगतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली ती '225 अहमदनगर शहर' याच नावाने. निवडणूक आयोगाला अनुसूचीतले वर्णन अद्ययावत करता येते, मतदारसंघाची हद्द तसूभरही हलवता येत नाही. हद्दीसाठी प्रशासकीय घटक 15 फेब्रुवारी 2004 रोजी होते तसे धरलेले आहेत. त्यानंतर मंडळे बदलोत की गावे इकडची तिकडे होवोत, मतदारसंघ त्या दिवसाच्या नकाशावर थांबलेला.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे. काळजी आहे ती त्यानंतरची. 2011 च्या आकड्यांनी तोच भागाकार करून पाहिला. राज्य 11 कोटी 23 लाख 74 हजार, जिल्हा 45 लाख 43 हजार. उत्तर 11.64. तेव्हा पुनर्रचना झाली असती तर बारा जागा टिकल्या असत्या, पण काठावर. त्या दहा वर्षांत राज्य सोळा टक्क्यांनी वाढले आणि नगर साडेबारा टक्क्यांहूनही थोडे कमी. पुणे, ठाणे फुगत असताना नगरची पोरे तिकडेच कामाला जातात आणि मोजली जातात तिथेच. उत्तर साडेअकराच्या खाली गेले तर अकरावर येऊन बसेल, आणि पुन्हा कोणीतरी पाथर्डीच्या वाटेने जाईल. राज्याच्या एकूण जागा वाढवल्या तर हे टळेलही. मग दक्षिणेतली राज्ये विचारतात तो प्रश्न इथेही येतो, फक्त उलट्या तोंडाने: लोकसंख्या आवरली म्हणून शिक्षा, की लोकसंख्या बाहेर गेली म्हणून? नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून ऊसतोडीला आणि शहराकडे जाणाऱ्यांचा विचार केला तर मला दुसरा प्रश्न जास्त बोचतो.

त्यात महिला आरक्षणाची भर. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागांचे आरक्षण नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेला बांधून ठेवले आहे. बारामध्ये चार, अकरामध्ये तीन की चार? राखीव श्रीरामपूर आणि अकोले यांतही महिला आरक्षण येऊ शकते. ज्या तालुक्यांत साखर कारखाना आणि आमदारकी एकाच घरात दोन-तीन पिढ्या नांदतात, तिथे या एका ओळीने जी उलथापालथ होईल ती 2009 पेक्षा मोठी असेल.

आणि नगर तालुका? पुढचा आयोग पुन्हा महसूल मंडळांच्याच विटा वापरणार, पुन्हा वायव्येकडून येणार, आणि शहराभोवतीचे हे कडे पुन्हा उरलेल्या जागा भरायला लागणार. मसुदा छापून हरकतींची मुदत सुरू झाली की जेऊर, वाळकी आणि चिचोंडीच्या लोकांनी पहिल्याच दिवशी अर्ज द्यायला हवेत. अंतिम आदेश छापून झाल्यावर त्यांचे ऐकून घेणारे कोणी उरत नाही.