कपाटातली फिल्म

गेल्या वर्षी इथल्या धुळीने माझं कपाळ ठणकू लागलं, तेव्हा सायनसचा सीटी स्कॅन झाला. दिवाळीच्या आवराआवरीत ती फिल्म टाकून देणार होते, तेवढ्यात मंगाफ आठवलं.

१२ जून २०२४ ची ती पहाटेची आग आपल्यापैकी कोण विसरेल? १४ जूनला वायुदलाचं विमान ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन कोचीला उतरलं; त्यांत एक महाराष्ट्रातला. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

फिल्ममधल्या त्या काळ्या पोकळ्याही अशा वेळी बोलतात. गालाच्या हाडातली पोकळी आत दडलेली; चेहरा जळाला तरी ती पुष्कळदा शाबूत राहते. पुरुषांत ती सरासरीने मोठी असते. म्हणून सीटीवर तिची उंची, रुंदी, खोली मोजून कवटी बाईची की पुरुषाची, हे ठरवतात. पण हा अंदाजच. थोराड बाई आणि लहान चणीचा पुरुष यांची मापं जुळूही शकतात. ओटीपोटाचं हाड मिळालं, तर ते जास्त भरवशाचं.

कपाळातल्या पोकळीची किनार मात्र प्रत्येकाची निराळी, अगदी जुळ्यांचीही. जुनी फिल्म हाताशी असेल, तर ताडून थेट नावापर्यंत पोहोचता येतं.

फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, “सणासुदीला काय हे अभद्र!” खरंय. पण वर्गात हजेरी घेताना एकही नाव सुटू नये, ही माझी जुनी सवय. फिल्मवर नाव-तारीख घालून मी ती परत कपाटात ठेवली. तुम्हीही ठेवा.