बाटली दिसत नाही, नाव मात्र घरात शिरते

मंडळी, टीव्हीवर दारूची उघड जाहिरात तुम्हाला दिसते का? नाही दिसत. पण घरातल्या नववी-दहावीच्या पोराला दारूच्या चार नावांविषयी विचारून बघा. बहुतेक घडाघडा सांगेल. ही नावे त्याला शिकवली कोणी?

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनी दारू आणि तंबाखूच्या जाहिरातींना मनाई केली. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही दारूच्या जाहिरातीवर बंधने आहेत. मग कंपन्यांनी आडवाट काढली. नाव तेच, अक्षरे तीच, रंग तोच. विकायला मात्र सोडा, पाणी, पत्ते, नाहीतर गाण्यांची सीडी! क्रिकेटचेच घ्या. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा बंगळूरच्या संघाचे नावच एका व्हिस्कीच्या नावावरून ठेवले गेले. पोरे ते नाव घेऊन ओरडतात. वेगळी जाहिरात हवीच कशाला?

‘जाहिरात बघून कोण पितं हो?’ असे काही जण म्हणतील. लगेच कोणी पीत नाही, हे खरे. पण बियाण्याची कंपनी तुमच्या बांधावर पाटी का लावते? पाटी बघून त्याच दिवशी कोणी पिशवी आणत नाही. पेरणीच्या तोंडावर दुकानात उभे राहिले, की तेच नाव आधी तोंडात येते. पोरांचेही तसेच होते. मित्रांनी पहिला आग्रह केला, की नाव ओळखीचे वाटते आणि भीड चेपते. जाहिरातीत दोस्ती असते, मर्दानगी असते, जिंकणे असते. गुत्त्यावर गेलेले उसाचे बिल आणि घरात उपाशी निजलेली लेकरे त्यात नसतात.

परदेशात मुलांवर काही वर्षे लक्ष ठेवून अभ्यास झाले आहेत. ज्यांच्या डोळ्यांपुढे अशा जाहिराती जास्त, ती मुले लवकर पिऊ लागतात, आणि आधीच पिणारी असली तर जास्त पितात, असे त्यांत दिसले. फ्रान्स हा तर द्राक्षे आणि वाईनचा देश. त्यानेही १९९१ साली कायदा करून टीव्हीवरच्या दारूच्या जाहिराती आणि खेळांना दारू कंपन्यांनी द्यायचा पैसा बंद केला.

टीव्ही आपल्या हातात नाही. पण गावची कमान, मैदान आणि फलक तर आपल्याच हातात आहेत ना? जत्रेतल्या कबड्डीला वर्गणी कमी पडली, की बारवाल्याकडे जायचे आणि फलकावर त्याचे नाव मोठ्या अक्षरांत घालायचे, हे अनेक गावांत चालते.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी इथे लक्ष घालावे. मैदानासाठी, कमानीसाठी मंडळ पंचायतीकडे येते, तेव्हाच अट घालावी, की दारूचे किंवा बारचे नाव फलकावर आणि चषकावर नको. ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा. चषकाचे काय, म्हणाल तर विकास सोसायटी, दूध डेअरी, कृषी सेवा केंद्र यांना विचारा. मोठा चषक नाही मिळाला तरी चालेल. गुरुजींनीही वर्गात अशी एखादी जाहिरात दाखवून विचारावे, ‘यात खरे काय विकायला ठेवले आहे?’ पोरे हुशार असतात. एकदा डाव कळला, की सहज फसत नाहीत.

गावातले दारूचे दुकान बंद करायचे, तर आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात. त्यासाठी माय-बहिणींना केवढी धडपड करावी लागते! पंचायतीच्या जागेवरचा फलक नाकारायला तेवढे कष्ट नाहीत.

आपल्या राज्यात बिअर-वाईनला २१ आणि देशी-विदेशी दारूला २५ वर्षे वयाची अट आहे. मग सोळा वर्षांच्या पोराच्या हाती बारच्या नावाचा चषक देऊन आपण टाळ्या का वाजवायच्या? यंदाच्या जत्रेची बैठक बसेल, तेव्हा हा विषय आधी काढा.