अशनीतील पांढऱ्या गाठी आणि शिशाचे घड्याळ

८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात, अयेंदे गावाच्या परिसरात कोसळलेल्या अशनीचे दोन टनांहून अधिक वजनाचे तुकडे गोळा झाले, आणि त्यांच्या करड्या दगडात रुतलेल्या पांढुरक्या गाठींनी सूर्यमालेच्या कालगणनेला आरंभबिंदू मिळवून दिला. सूर्याभोवतीचा तप्त वायू निवू लागल्यावर कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांची उष्णतेला दाद न देणारी खनिजे सर्वांत आधी घनरूप झाली; या गाठी त्यांच्याच आहेत.

त्यांचे वय शिशावरून काढतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे असून त्यापासून शिसे-२०६ उरते, तर सुमारे ७० कोटी वर्षे अर्धायुष्याच्या युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७. दोन्ही क्षय भिन्न गतीने चालत असल्याने या दोन शिशांच्या गुणोत्तरात काळ नोंदला जातो. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये याच पद्धतीने अशनींचे व पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले.

मात्र केवळ शिसे मोजून वय काढण्याच्या या सोयीमागे एक गृहीतक दडलेले होते. दोन युरेनियमांचे आजचे प्रमाण सर्वत्र १३७.८८ असेच आहे, असे धरून चालल्यामुळे ते प्रत्येक नमुन्यात मोजण्याची गरज सहसा भासत नसे. ग्रेगरी ब्रेनेका व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ते अयेंदेच्या गाठींत प्रत्यक्ष मोजले, तेव्हा ते गाठीगणिक बदलते, आणि त्यापायी वयात ५० लाख वर्षांपर्यंत चूक होऊ शकते, हे उघड झाले. सूर्यमालेच्या आरंभी अस्तित्वात असलेले क्युरियम-२४७ हे समस्थानिक क्षय पावून युरेनियम-२३५ मध्ये भर घालत होते, हे त्याचे कारण.

त्यानंतर जेम्स कॉनेली यांच्या गटाने २०१२ मध्ये युरेनियम मोजूनच ४५६ कोटी ७३ लाख वर्षे हे वय दिले, ज्यातील अनिश्चितता १ लाख ६० हजार वर्षांची आहे. त्याआधी ऑड्रे बूव्हिए आणि मीनाक्षी वाधवा यांनी वायव्य आफ्रिकेतील एका अशनीतील गाठीचे वय ४५६ कोटी ८२ लाख वर्षे काढले होते. तेथे युरेनियमचे प्रमाण थेट मोजण्याऐवजी अनुमानाने घेतले होते. हा नऊ लाखांचा फरक क्षुल्लक नव्हे, कारण आरंभीच्या लघुग्रहांना आतून वितळवणाऱ्या ॲल्युमिनियम-२६ चे अर्धायुष्यच जेमतेम सात लाख वर्षांचे आहे.